विहिरीला मीठ

लोक चोराला घाबरतात, आगीला घाबरतात. आमच्या घरात आम्ही वाऱ्याला घाबरायचो.

यावल तालुक्यातलं आमचं गाव सगळं केळीचं. आमची स्वतःची जमीन नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्यांच्या बागांतले घड कापायचे, डोक्यावर चुंबळ ठेवून बांधावरच्या ट्रकपर्यंत वाहायचे आणि हंगामात सावद्याला जाऊन रेल्वेच्या वॅगनी भरायचे. माय निंदणीला जायची. उन्हाळा संपता संपता एखाद्या संध्याकाळी आभाळ पिवळं पडायचं, वारा सुटायचा, आणि सकाळी बघावं तर सबंध बागा आडव्या. बाग ज्याची, त्याचं नुकसान व्हायचं ते व्हायचंच. पण आडव्या बागेत घड कापायला मजूर कोण बोलावणार? मग पडलेल्या झाडांची कच्ची केळी माय उचलून आणायची आणि उकडायची. सकाळी उकडलेली केळी, संध्याकाळी उकडलेली केळी, मध्ये काही नाही. आजकाल कोणी मला सांगतं की कच्ची केळी उकडून खाणं प्रकृतीला फार चांगलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

अशाच एका वाऱ्याच्या वर्षी मी बारावी पास झाले आणि जळगावच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगते आणि यापुढेही सांगणार.

खोली मिळाली जुन्या जळगावात. घरमालकीण विधवा, साठीच्या अलीकडची, एकटी राहणारी. गल्ली त्यांना अक्का म्हणायची. माहेर धुळ्याकडचं. बोलणं एरवी शहरी, पण राग आला, आनंद झाला किंवा दूध उतू गेलं की सरळ अहिराणी.

आबा मला पोचवायला आले होते. खांद्यावर माझी पत्र्याची पेटी. गल्लीच्या तोंडाशीच मिरच्या भाजल्याचा खकाणा नाकात गेला. शेजारीपाजारी पदर तोंडाला लावून खोकत होते, एक म्हातारा शिव्या देत होता. आम्ही नाक दाबून अक्कांच्या दारात गेलो. आत चुलीपुढे नऊवारीतली एक बाई बसलेली. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा एक मोठा काळा रबरी चष्मा, तोंडात वाकडी नळी, नळीला पुढे सायकलच्या ट्यूबचा तुकडा जोडलेला आणि त्याचं टोक खिडकीच्या गजातून बाहेर काढलेलं. बाई शांतपणे उलथण्यानं मिरच्या हलवत होती. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

आबांनी पेटी खाली ठेवली आणि हळूच मला विचारलं, "या बाईले काय झालं व?"

अक्कांनी तोंडातली नळी काढली. "घाबरू नका भाऊ. बेटावरचा चष्मा शे. या, बसा. पाणी घ्या."

आबांनी पाणी घेतलं. पण त्यांची नजर काही त्या नळीवरून हलली नाही.

बेट म्हणजे काय, ते आता सांगायला पाहिजे.

अक्कांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन थेट कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर गेली होती. जावई तिथल्या एका मोठ्या हॉटेलात इंजिनियर. जनरेटरपासून होड्यांपर्यंत सगळं त्याच्या हाताखाली. मुलीचं बाळंतपण करायला म्हणून अक्का तिकडे निघाल्या. डिंकाचे लाडू, आळीव, ओवा, बाळंतशेपा, बाळाला धुरी द्यायची शेगडीसुद्धा घेतली होती म्हणे. विमानं बदलत बदलत पोचल्या, तर नात आधीच जन्मलेली, आणि दवाखान्यातल्या नर्सनं बाळंतिणीला थंडगार संत्र्याचा रस पाजलेला. अक्का दोन दिवस रुसून बसल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, तुला करायला काही उरलेलं नाही, तर जरा फिरून तरी घे."

ते हॉटेल साध्या विश्रांतीचं नव्हतं. तिथं गोरे लोक सुट्टी घालवायला यायचे ते जिवावर उदार होऊन: समुद्रात बुडी मारून मासे बघायचे, दोरीला लटकून दरी ओलांडायची, धुमसत्या डोंगरावर चढायचं. पण अक्का गेल्या तेव्हा तिकडचे पावसा-वादळाचे दिवस. पाहुणे नाहीत, होड्या रिकाम्या, माणसं बसून. जावई म्हणाला, हवं ते करा, घरच्याच आहात.

"फुकट होतं," अक्का मला आणि गल्लीतल्या पोरींना सांगायच्या. "फुकटचं सोडलं तर खान्देशाचं नाव काय राहिलं?"

बेटाला नाव होतं, नकाशात ठिपकाही होता. अक्का ते नाव कधी घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं घ्यायच्या नाहीत, तसं. नुसतं 'बेट'. बेटावर असं होतं, बेटावर तसं होतं. बेटावर भाजीला पैसे नीट द्यायचे, इथं तुम्ही कोथिंबिरीवर भांडता, असं म्हणून त्या बाजारात स्वतः कोथिंबिरीवर सगळ्यात जास्त भांडायच्या. भांडायला जाताना पदरावरून झावळ्यांची विणलेली मोठी टोपी घालायच्या. भाजीवाल्या लांबूनच एकमेकींना सांगत, "हॅट आली व, हॅट आली, भाव वाढवून ठेव."

दरीवरच्या दोरीची गोष्ट मी किती वेळा ऐकली ते सांगता यायचं नाही. तिथल्या माणसांनी त्यांना घालायला पँट दिली. अक्कांनी ती परत केली आणि कासोटा आणखी घट्ट मारला. मग कमरेला पट्टे बांधून त्यांना दोरीवर सोडलं. त्या अर्ध्यात गेल्या आणि अडकल्या. खाली जंगल, वर आभाळ, मध्ये अक्का.

"मग काय केलं तुम्ही?" हा प्रश्न विचारावाच लागायचा, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नसे.

"काय करणार? कनवटीला डिंकाचा लाडू होता. तो खाल्ला. तो खाऊन होईस्तोवर आले ते लोक."

आणि धुमसता डोंगर? तिथं जमिनीतून वाफ निघत होती, दगड तापलेले होते. बरोबरचे लोक श्वास रोखून बघत उभे. अक्कांच्या मनात एकच विचार आला की इथं वांगी काय सुरेख भाजली गेली असती. भरताची वांगी सोबत आणली नाहीत, ही त्या सबंध प्रवासातली एकच हळहळ त्या बोलून दाखवायच्या.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट समुद्राची. ती सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. हॉटेलातली एक बाई पाहुण्यांना पाण्यात घेऊन जायची. नाव डोरीन. अक्का सांगायच्या, "आपल्या कापसाच्या जमिनीसारखी काळीभोर, उंच, आणि हसली की आपल्याला कारण नसताना हसू यावं अशी." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. अक्का अहिराणीत बोलायच्या, डोरीन तिच्या भाषेत. डोरीननं त्यांना कमरेएवढ्या पाण्यात नेलं, पाठीखाली तळहात धरला आणि आडवं केलं. अक्कांनी डोळे घट्ट मिटून घेतलेले.

"मग तिनं हात कधी काढला, मला समजलंच नाही. डोळे उघडले तर ती लांब उभी राहून टाळ्या वाजवते. आणि मी पाण्यावर! जन्मभर कोणाच्या ना कोणाच्या घरचं ओझं उचललं व पोरी. त्या दिवशी माझं ओझं कोणीतरी उचललं."

असं म्हणून त्या गप्प व्हायच्या. आम्हीही. मग त्यांनाच अवघड वाटायचं आणि त्या खेकसायच्या, "बठ्ठ्या काय बसी राहिन्यात? भांडी कोण घासी?"

तिथून आणलेलं त्यांचं पालुपद एकच होतं: "घाबरस काय व? पानीच शे." समुद्रावरून सुचलेलं हे वाक्य त्या कशालाही लावत. माझी रसायनशास्त्राची परीक्षा? पानीच शे. रात्रभर वीज नाही? पानीच शे. मी एकदा सांगितलं की अक्का, आजचं वरण फार पातळ झालंय. त्यांनी वरणात पळी फिरवून पाहिली आणि जराही न लाजता म्हणाल्या, "पानीच शे."

मला तरंगायला शिकवायचं त्यांनी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं. पाणी कुठे होतं? नळाला दिवसाआड यायचं, तेही करंगळीएवढं. म्हणून शिकवणी अंगणातल्या बाजेवर. मी बाजेवर उताणी, हात पसरलेले, अक्कांचा तळहात बाजेच्या सुंभाखालून माझ्या पाठीला. "मान ढिली सोड. पोट वर. पाय सोडी दे, पानी धरी लेई." गल्लीतली पोरं भिंतीवरून बघून खिदळायची. समोरच्या घरातल्या काकू दारात तांदूळ निवडत विचारायच्या, "काय अक्का, भरती आली का ओहोटी?"

या काकू म्हणजे अक्कांच्या बेटाला लागलेली वाळवी. अक्का बेटाची एक गोष्ट सांगून उठल्या, की काकू मागे बसून ती पोखरायच्या. त्यांचं म्हणणं एकच होतं: फोटो कुठे आहेत? आणि इथंच सगळं घोडं अडलेलं होतं. जावयानं कॅमेरा दिला होता, डोरीननं भरपूर फोटो काढले होते. पण परतीच्या विमानात अक्कांना राहवलं नाही. फोटो कसे आलेत ते बघावं म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आत काळी पट्टी होती. ती त्यांनी सगळी बाहेर ओढून खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. घडी घालून परत ठेवली. बस, बेट संपलं.

जावयाकडे आधी धुऊन आलेला एकच फोटो वाचला. त्यात अक्का नऊवारीवर नारिंगी जाकीट घालून होडीत बसल्या आहेत. अगदी कोरड्या.

"होडीत तर मी पण बसले," काकू म्हणायच्या. "नाशिकला. चिवडा खात खात."

क्रिकेट आलं की दोघींचं युद्ध व्हायचं. टीव्ही काकूंच्या घरी, त्यामुळे अक्कांना जावं लागायचं. वेस्ट इंडीजची टीम खेळत असली की अक्का त्यांच्या बाजूनं. आपला गडी बाद झाला की एकट्या टाळ्या वाजवायच्या. काकूंचे यजमान चिडून म्हणायचे, "अक्का, खाता कुठलं आणि गाता कुठलं?" अक्का पडद्याकडे निरखून बघत असायच्या. "थांबा हो. तो लांबडा गोलंदाज बेटावरचाच दिसतो. याच्या आईकडून मी आंबे घेतलेत."

आबा दोन महिन्यांनी मला भेटायला आले तेव्हा सोबत केळीची फणी होती. अक्कांनी ती हातात घेऊन पारखली आणि खूष होऊन म्हणाल्या, "भाऊ, बेटावर पण केळीच केळी. डोंगरभर. वादळ आलं की तुमच्यासारख्याच सगळ्या बागा झोपतात."

आबा सावरून बसले. केळीचं बोलणं निघालं की आबा वेगळेच व्हायचे. "असं? तिथं बी वारं मारते का?"

"मारते तर! मी होते तेव्हाच आलं. दुसऱ्या दिवशी लोक बांधावर नुसते बसलेले, बोलत पण नव्हते."

आबांनी मान हलवली. असे बसलेले लोक त्यांच्या ओळखीचे होते. मला वाटलं, जमलं. पण अक्कांना तिथं थांबता आलं नाही.

"आणि घडाला काय करतात माहितीये? निळी पिशवी घालतात. सबंध घडाला, वरून खालपर्यंत. बागेत गेलं की जिकडं तिकडं निळी झबली टांगलेली."

आबांचा चेहरा हळूहळू मिटत गेला. जन्म केळीत गेलेला माणूस. घड डोक्यावर घेऊन घेऊन मान आखडलेली. त्यांना कोणी सांगावं की केळीला झबलं घालतात?

निघताना काकूंनी आबांना दारातच गाठलं. चहा पाजला आणि चहाबरोबर बाकीचंही पाजलं. दोरी, लाडू, डोंगर, समुद्र. "मुलगी तुमची आहे, माझं काय. पण दिवसभर थापा ऐकणारी पोर उद्या काय शिकेल, ते बघा."

पुढच्या खेपेला आबा आले ते मला न्यायलाच. अंगणात उभे राहूनच बोलले. "पेटी भर. गावात लोक हसून राह्यले. म्हने पोर कॉलेजात घातली अन् ठेवली कुठं, तर येड्या बाईकडे. तुझ्या काकानं चायीसगावचं स्थळ आनलंय. दुकान हाये पोराचं."

दुसरीकडे ठेवायची आमची ऐपत नव्हती. अक्का माझ्याकडून खोलीचं जवळजवळ काही घेत नसत. मी दळण आणायचं, मसाला कुटायचा, गोष्टी ऐकायच्या. गावी गेले असते तर परत आले नसते. मला ते ठाऊक होतं, आबांनाही होतं. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या; त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्यांनाही कळलंय.

"भाऊ, माझा राग पोरीवर का?" त्या म्हणाल्या.

आबा सरळ माणूस. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, म्हणजे अपमान करायचा नव्हता. "अक्का, तुम्ही जीव लावता पोरीले, ते मले दिसतं. पन खोटं बोलनाऱ्या घरात मी पोर ठेवत नाई. आमच्याकडे दुसरं काही नाई. शब्द हाये तेवढा."

अक्का चौकट सोडून पुढे आल्या. मग म्हणाल्या, "येत्या रविवारी माझ्या दिराच्या मळ्यात भरीत आहे. आसोद्याला. तुम्ही या. काकूंना पण आणते. मळ्यात विहीर आहे. मी समुद्रावर तरंगले की नाही, ते विहिरीत बघा. बुडाले तर पोरीला घेऊन जा."

"बुडाल्या तर?" काकू समोरून ओरडल्या. त्या ऐकतच होत्या.

"मग तुम्हाला टीव्ही शांतपणे बघता येईल."

आमच्याकडे थंडी पडली की मळ्यात भरीत करायचं, हा सणच. कापसाच्या वाळलेल्या पळाट्यांचा जाळ करायचा, त्यात मोठाली हिरवी वांगी भाजायची, लाकडाच्या बडगीत कुटायची, मिरची, लसूण, कांद्याची पात घालून सगळ्या गोतावळ्यानं जेवायचं. रविवारी टेम्पो आला. वांगी चढली, भांडी चढली, गल्लीतल्या बायका चढल्या. शेवटी हमालानं एक पोतं आणून टाकलं. खडे मिठाचं, तोंड शिवलेलं. मला वाटलं, लोणच्याचं असेल.

मळ्यात अक्कांचे दीर, नाना, वाट बघत होते. त्यांची पण केळीच. घड नुकते भरायला लागलेले. आबा आधीच येऊन पोचले होते. दोघांचं केळीवरून चांगलं जमलेलं दिसत होतं. टेम्पोतून पोतं उतरलं तसे नाना हसले.

"वहिनी, भरताले पोतंभर मीठ?"

"भरताला नाही," अक्का म्हणाल्या. "विहिरीला."

नानांना काही कळेना. अक्कांनी समजावून सांगितलं. समुद्राचं पाणी खारट होतं, त्यात त्या तरंगल्या. विहिरीचं पाणी गोडं. गोड्या पाण्याचा अनुभव नाही. तेव्हा आधी मीठ टाकू, जरा ढवळू, मग उतरू.

नाना धावत जाऊन पोत्यावर बसले. अक्षरशः बसले, दोन्ही हातांनी पोत्याचे कान धरून. "वहिनी, डोकं फिरलं का व? याच पान्यावर माही केयी हाये सगयी!"

आणि आबा, जे अक्कांची परीक्षा घ्यायला आले होते, तेही नानांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "बाई, हात जोडतो. केयीच्या मुयाले मीठ नका दाखवू. तुमचं खरं हाये, समुद्र खरा हाये, बठ्ठं खरं हाये, पन मीठ नको."

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "तू रसायन शिकतेस ना? सांग यांना. मिठानं माणूस तरंगतं की नाही?"

माझ्या शिक्षणाचा हा पहिला जाहीर उपयोग होता. मी म्हटलं, "तरंगतं अक्का. पण एवढ्या मोठ्या विहिरीला एका पोत्यानं काहीच होणार नाही."

"मग किती पोती लागतील?"

"ए पोरी, तू गप बस!" नाना पोत्यावरून ओरडले.

जाळ तडतडत होता. अक्का विहिरीच्या काठाशी गेल्या आणि खाली बघत उभ्या राहिल्या. त्यांचे हात पदराशी चाळा करत होते. मिरचीच्या धुरात ज्या बाईचा डोळा ओला झाला नव्हता, तिला मी पहिल्यांदाच भ्यालेली पाहिली. मी जवळ जाऊन म्हटलं, "अक्का, राहू द्या. मी जाते गावी. काही होत नाही."

"काही होत नाही?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुले काय चायीसगावना दुकानमा बसनं शे? जा, चष्मा आन मन्हा."

मी टेम्पोतून चष्मा आणून दिला. त्यांनी कासोटा घट्ट केला, चष्मा लावला, विहिरीच्या दगडी पायऱ्या एकेक करत उतरल्या. थंडीचे दिवस, पाण्याला पाय लागला तसा त्यांनी दात आवळून घेतलेला 'स्स' वरपर्यंत ऐकू आला. शेवटच्या पायरीवर त्या पाण्याकडे पाठ करून बसल्या. हात पसरले. मान मागे टाकली.

आणि सरळ खाली गेल्या.

पाण्यावर नुसती नऊवारी फुगली, जांभळी, काठासकट. मग तीही बसली. काकू किंचाळल्या. आबांनी टोपी फेकली, सदरा काढला, दोन पायऱ्या उतरले.

तेवढ्यात पोट वर आलं. मग पायाची बोटं. मग काचेचा चष्मा. पाणी दोन्ही कानांवरून ओसरलं आणि अक्का विहिरीच्या मधोमध उताण्या, हात पसरून, आभाळाकडे तोंड करून स्थिर झाल्या. पाणी हलायचं थांबलं. काकूंचा पदर तोंडाला होता, पण हसण्यासाठी नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग विहिरीतून घुमल्यासारखा आवाज आला.

"नाना, धूर काळा निघायला लागला. वांगी उलटवा कोणीतरी."

सगळ्या गोतावळ्यात एकाचंही लक्ष जाळाकडे नव्हतं. नाना पोत्यावरून उठून धावले.

वरून टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. अक्कांनी तशाच पडल्या पडल्या राणीसारखा एक हात हलवला, जरा बुडाल्या, परत वर आल्या. पुष्कळ कौतुक झाल्यावर मी हाक मारली, "अक्का, या आता बाहेर."

"काढा मला."

"पोहत या ना पायऱ्यांकडे."

"पोहता कोणाला येतं?" विहिरीतून उत्तर आलं. "मी कधी म्हटलं पोहता येतं? बेटावर डोरीन ओढून आणायची."

ऐकलं आणि काकू काठावर मटकन बसल्या. या वेळी मात्र त्या मनापासून हसत होत्या, आणि विहिरीत अक्काही हसायला लागल्या. हसल्या की बुडायच्या, म्हणून मध्येच थांबायच्या. आबा पाण्यात उतरले. गावच्या विहिरीत वाढलेला माणूस. चार हात मारून पोचले, अक्कांच्या पाठीखाली तळहात धरला आणि वाहत आलेला ओंडका काठाला लावावा तसं त्यांना हळूहळू पायरीपाशी आणलं.

दोघं पायरीवर बसले. अक्का कुडकुडत होत्या. आबा धोतराचा सोगा पिळत होते. मी वर उभी होते, माझा जीव त्यांच्या तोंडाकडे लागलेला. आबांनी सोगा पूर्ण पिळला, झटकला, आणि अक्कांकडे न बघता विचारलं,

"त्या घडाच्या पिशव्या निळ्याच राहतात का दुसऱ्या रंगाच्या बी?"

"निळ्याच," अक्का म्हणाल्या. "खालून उघड्या. वारं लागायला."

"हां," आबा म्हणाले. "वारं तं लागलंच पाह्यजे."

त्यानंतर पेटी भरायचं नाव त्यांनी काढलं नाही. चाळीसगावच्या स्थळाला काय कळवलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्या दिवशीचं भरीत एका बाजूनं करपलेलं होतं. सगळ्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर बोटं चाटत खाल्लं. काकूंनी अक्कांना स्वतःची शाल दिली. टेम्पोत बसल्या बसल्या मात्र त्यांनी विचारलंच, "पण अक्का, ती दोरीवर लाडू खाल्ल्याची गोष्ट? ती तरी थाप ना?"

मिठाचं पोतं तसंच परत आलं. ते मीठ आम्ही माझं कॉलेज संपेपर्यंत खाल्लं. अक्कांचं मीठ खाल्लं असं मी म्हणते, तेव्हा लोकांना ते बोलण्याची रीत वाटते. आमच्याकडे पोतं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कांनी मला त्याच विहिरीत आडवं केलं. काठावर नाना पहारा करत बसलेले, मी मिठाची पुडी वगैरे आणली नाही ना, ते बघत. पाठीखाली अक्कांचा तळहात होता. तो कधी निघाला, मला समजलं नाही. त्या एका हातानं पायरीला घट्ट धरून उभ्या राहून दुसऱ्या हातानं मांडीवर टाळ्या वाजवत होत्या.

अक्का आता नाहीत. काचेचा चष्मा माझ्याकडे आहे. मिरच्या भाजताना वापरते, आणि मी शिकवते ते विद्यार्थी पोहायला जाताना तो मागायला येतात तेव्हा देत नाही. आमच्या भागात आता केळीच्या घडांना पिशव्या घालतात. पहिल्यांदा गावातल्या एका बागेत तशी पिशवी दिसली, तेव्हा आबा बांधावर बराच वेळ उभे राहिले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "पांढरी हाये. बाईनं निळी सांगतली होती."

मी बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या घरातली पहिली, आमच्या गावातली पहिली मुलगी. पोहायला मला अजून येत नाही. तरंगता येतं.